चेहरा कुठला लावायचा?

प्रवासाला निघताना माणूस कपडे मोजून घेतो, औषधं आठवून घेतो, चिवड्याचा डबा तर विसरतच नाही. चेहरे मात्र कोणी मुद्दाम भरून घेत नाही. परगावी गेल्यावर सगळ्यांत जास्त लागतात ते चेहरेच. संग्रहालयाचा एक, देवळाचा एक आणि स्मारकाचा एक.

संग्रहालयाचा चेहरा सोपा. हात पाठीमागे बांधायचे, कमरेत किंचित वाकायचं, काचेपलीकडच्या फुटक्या मडक्याकडे बघून भुवया उंचवायच्या, पाटी वाचल्यासारखं करायचं आणि हुंकार भरून पुढच्या मडक्याकडे सरकायचं. देवळाचा चेहरा आपल्याला जन्मजात असतो. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुटपुटणारे आणि उरलेलं सगळं लक्ष बाहेर काढून ठेवलेल्या चपलांवर. स्मारकाचा चेहरा आपण शोकसभांमधून कमावतो. मान खाली, हात पुढे गुंफलेले, आणि दोन मिनिटांच्या शांततेतले किती सेकंद उरले याचा मनातल्या मनात हिशेब.

एवढ्या भांडवलावर बहुतेक शहरं पाहून होतात. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूत, म्हणजे जुन्या कँटनमध्ये, ते पुरत नाही. तिथे इमारतींनीच इतक्यांदा चेहरे बदललेत की दारातून आत शिरेपर्यंत आपण कुठला लावायचा हे ठरत नाही.

सोबत माझा एक मित्र होता. १९५७ पासून ग्वांगझूत वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, कँटन फेअर भरते, आणि हा गृहस्थ मुंबईहून एलईडी दिवे आणि लेडीज पर्स यांचे भाव करायला तिथे जातो. त्याच्याकडे चेहरा एकच, घासाघिशीचा. जगातली प्रत्येक वस्तू आधी निम्म्या किमतीची आहे असं धरूनच तो तिच्याकडे बघतो. संग्रहालयाला असा सोबती असणं फार बरं. आपण हुंकार भरत बसतो तेव्हा तो खरे प्रश्न विचारतो.

आत जाण्याआधीचे सोपस्कार थोडक्यात सांगतो. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. इतर दिवशी मोबाइलवर नाव नोंदवायचं आणि दारात पासपोर्ट दाखवायचा. त्याआधी मेट्रोत सामानाची तपासणी. आपल्या बाटलीकडे बोट दाखवून तिथला रक्षक एक घोट प्यायची खूण करतो. आपण पितो, तो आपल्याकडे निरखून बघतो, आपण जिवंत राहिलो की जाऊ देतो. मित्राचं म्हणणं, जगात आपण पाणी प्यायलो म्हणून समाधान पावणारी माणसं दोनच, आई आणि हा रक्षक.

पहिल्यांदा गेलो नानयुए राजाच्या संग्रहालयात. १९८३ साली शहराच्या मध्यातली एक टेकडी बांधकामासाठी सपाट करताना खाली दगडी थडगं लागलं. ते निघालं झाओ मो या राजाचं. इसवी सनापूर्वी १२२ मध्ये मेलेला हा राजा दोन हजार वर्षं टेकडीच्या पोटात निवांत होता. आता लोक त्याच्या थडग्यात उतरतात, बुटक्या दारांतून वाकून जातात आणि जिथे तो झोपला होता तिथे उभं राहून फोटो काढतात.

राजाला घातलेला पोशाख जेडचा. हिरवट दगडाचे २२९१ तुकडे रेशमाच्या धाग्यांनी जोडून डोक्यापासून पायापर्यंत शिवलेला. जेडमुळे देह कुजत नाही अशी त्या काळची समजूत होती. देह कुजला, पोशाख उरला. मी भुवया उंचावून हुंकार भरला. मित्र म्हणाला, "लेबर किती लागलं असेल रे! आणि गिऱ्हाईक एकदाच घालणार."

शेजारच्या काचेत सोन्याचं राजचिन्ह आहे. त्यावर या राजाने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलंय. गंमत अशी, की उत्तरेतल्या बलाढ्य हान दरबाराशी वागताना हीच मंडळी मांडलिक राजे असत. घरात सम्राट, पत्रव्यवहारात राजा. थडग्यात त्याच्यासोबत पंधरा माणसं पुरली होती, त्यांत राण्या होत्या, नोकरचाकर होते. अमर होण्यासाठी घ्यायची पाच रंगांची खनिज औषधंही सापडली, गंधक वगैरे. अमरत्वाचं औषध थडग्यात सापडणं यापेक्षा त्या औषधाबद्दलचा स्पष्ट अभिप्राय मिळणं कठीण. भुवया उंचावलेल्या चेहऱ्याने आपण हे सगळं वाचतो आणि पंधरा माणसांपाशी येतो तेव्हा भुवया खाली येतात. संग्रहालयाचा चेहरा सुटून स्मारकाचा लागतो. मग पुढच्या दालनात उशा दिसतात.

या उशा चिनी मातीच्या आहेत. भाजलेल्या, चकचकीत, कडक. शेकडो वर्षांपूर्वी लोक डोकं टेकायला त्या वापरत. कुणावर फुलं रंगवलीत, कुणावर पक्षी, काही तर झोपलेल्या बाळाच्या किंवा वाघाच्या आकाराच्या. दोनशेच्या वर उशांचा हा संग्रह बघताना वाटतं, ज्या समाजाला असल्या उशीवर झोप येत होती त्याने कागद, छपाई आणि तोफेची दारू शोधली यात नवल काही नाही. रात्रभर जागं राहिल्यावर माणूस दुसरं काय करणार?

देवळांकडे वळलो, तेव्हा देवळाचा चेहरा लावून तयार होतो. पण चीनच्या देवळात बूट काढायचे नसतात. हे मराठी माणसाला कितीही सांगा, उंबऱ्याशी आला की तो एक पाय मुडपून उभा राहतोच. उंबरा हातभर उंच, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. बूट पायातच राहिल्यामुळे भक्तीचं निम्मं कामच संपतं. चपलांची काळजी नसताना देवाकडे सलग इतका वेळ बघायची आपल्याला सवय नाही. दोन मिनिटांत सगळं मागून झालं आणि मी मोकळा होऊन छताची नक्षी बघू लागलो.

ग्वांगझूचे जुने लोक सांगतात, शहर वसलं नव्हतं तेव्हाही ग्वांगश्याव मंदिर होतं. या मंदिरातला मुख्य वृक्ष पाहून मी थबकलो, कारण तो पिंपळ. ५०२ साली एका भारतीय भिक्षूने समुद्रमार्गे आणून इथे पिंपळ लावला अशी मंदिराची परंपरा आहे, आणि आजचं झाड त्याच परंपरेतलं. त्याच्याभोवती कठडा आहे, माहितीची पाटी आहे, लोक त्याला लवून नमस्कार करतात. आमच्या गल्लीत भिंतीतून उगवलेल्या पिंपळाला नगरपालिका दरवर्षी तासून काढते. परदेशी गेलेल्याला मान जास्त मिळतो, हे झाडांनाही लागू असावं.

याच मंदिरात ६७६ साली एक प्रसिद्ध वाद झाला. वाऱ्याने पताका फडफडत होती. एक भिक्षू म्हणाला, वारा हलतोय. दुसरा म्हणाला, पताका हलतेय. गर्दीतला एक अनोळखी माणूस पुढे येऊन म्हणाला, वाराही हलत नाही आणि पताकाही नाही, हलतंय ते तुमचं मन. हा होता हुइनंग, झेन परंपरेचा सहावा आचार्य, जो त्याआधी कित्येक वर्षं शिकाऱ्यांच्या सोबतीने लपून राहिला होता. पिंपळाखाली त्याचं मुंडण झालं आणि ते केस जिथे पुरले तिथे आजही स्तूप उभा आहे. ही गोष्ट मी मित्राला तल्लीन होऊन सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मन हलतं ते कळलं. डॉलर कशाने हलतो?" सहाव्या आचार्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

जवळच सहा वडांचं मंदिर. मूळ स्थापना ५३७ सालची, पण नाव पडलं ११०० मध्ये. सू दोंगपो हा थोर कवी हद्दपारी संपवून परतताना इथे आला, अंगणातली सहा झाडं पाहून खूश झाला आणि दोन अक्षरं लिहून देऊन गेला, 'सहा वड'. ती झाडं केव्हाच गेली, त्यांच्या जागी दुसरी लावली. अक्षरं मात्र टिकली. इथला पॅगोडा सत्तावन्न मीटर उंच. खाली उभं राहून मजले मोजले तर नऊ भरतात. आत मात्र सतरा आहेत. बाहेरून नऊ आणि आतून सतरा मजले काढणारा हा कारागीर मुंबईच्या तमाम बिल्डरांचा आद्यगुरू म्हणायला हवा. फरक इतकाच, की याची इमारत नऊशे वर्षं उभी आहे.

पाच बोकडांवर बसून, तांदळाच्या लोंब्या घेऊन पाच सिद्धपुरुष या गावी आले आणि त्यांनी गावाचा दुष्काळ संपवला, ही ग्वांगझूची जन्मकथा. त्या सिद्धपुरुषांच्या देवळामागे मनोऱ्यात एक प्रचंड घंटा टांगली आहे, १३७८ साली ओतलेली, सुमारे पाच टनांची. घंटा दिसल्यावर मराठी हात आपोआप वर जातो. तो मध्येच थांबतो, कारण घंटेला लोलकच नाही. ती वाजली की शहरावर अरिष्ट येतं अशी समजूत, म्हणून शतकानुशतकं ती मुकाट लोंबकळते आहे. पाच टनांची घंटा ओतायची, उंच चढवायची आणि ती वाजू नये म्हणून प्रार्थना करायची. सरकारी समित्यांचे अहवाल याच पद्धतीने तयार होतात.

मग हुआलिन मंदिर. भारतातून आलेला बोधिधर्म इथेच पहिल्यांदा किनाऱ्याला लागला असं सांगतात. आत पाचशे अर्हतांच्या मूर्ती, ओळीने बसलेल्या, कोणी हसतंय, कोणी वैतागलंय, कोणी शेजाऱ्याचं ऐकतंय. त्यातल्या एकाच्या डोक्यावर काठाची टोपी आहे आणि लोक बिनदिक्कत सांगतात की हा मार्को पोलो. देवळाबाहेर पाऊल टाकलं की जेडचा बाजार, गल्लीच्या गल्ली. मित्राच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा खरी भक्ती दिसली. त्याला बाहेर काढायला मला भिंतीकडे तोंड करून ध्यान करणाऱ्या बोधिधर्माहून जास्त वेळ बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी स्मारकांची पाळी. सन यत्-सेन स्मारक सभागृह म्हणजे आधुनिक चीनच्या जनकाचं स्मारक. याच जागी त्यांचं अध्यक्षीय कार्यालय होतं आणि १९२२ मध्ये त्यांच्याच एका सेनापतीने उलटून त्यावर तोफा डागल्या. १९३१ मध्ये इथे अष्टकोनी, निळ्या कौलांचं भव्य सभागृह पुरं झालं. आराखडा लू यानझी या तरुण वास्तुकाराचा. काम सुरू झालं त्याच वर्षी, १९२९ मध्ये, तो वारला, वय पस्तिशीच्या आसपास. आत तीन हजारांहून जास्त माणसं बसतात आणि एकाही माणसाच्या नजरेआड खांब येत नाही. सगळा भार भिंतीत दडवलेल्या खांबांनी आणि पोलादी कैच्यांनी पेललाय.

मी मान खाली घालून, हात गुंफून आत शिरलो आणि समोर नाटकाची जाहिरात. हे सभागृह आजही चालू नाट्यगृह आहे. बाहेर बागेत एक आजोबा संथपणे व्यायाम करत होते, दोन आज्या वर बघत उभ्या होत्या. त्या बघत होत्या ते झाड तीनशेहून जास्त वर्षांचं, आणि ओळखीचं. काटेसावर! फाल्गुनात आपल्या डोंगरांवर पेटते तीच. ग्वांगझूने तिला शहराचं फूल म्हणून मानलं आहे. फूल पडलं की आज्या लगबगीने उचलून पिशवीत टाकत होत्या. ती फुलं वाळवून सूप करतात, काढा करतात. राष्ट्रपित्याच्या पुतळ्यासमोर मी एकटाच गंभीर होतो. बाकी सगळे रात्रीच्या जेवणाची सोय करत होते.

तेव्हा कळलं, इथल्या निवृत्त मंडळींकडे सगळ्या जागांसाठी एकच चेहरा आहे, ऐसपैस बसलेल्या माणसाचा. देऊळ असो, संग्रहालय असो, स्मारक असो, त्यांना पाहिजे सावली, बाक आणि उकळत्या पाण्याचा नळ. थर्मास भरला की इतिहास कुठलाही चालतो.

इमारतीही तशाच सोशिक. चेन आडनावाच्या गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून एक वाडा बांधला, पूर्वजांच्या पाट्या ठेवायला आणि सरकारी परीक्षेला शहरात येणाऱ्या चेन मुलांची राहायची सोय करायला. छपरावर मातीच्या माणसांची आख्खी जत्रा भरवली. १८९४ मध्ये वाडा पुरा झाला आणि १९०५ मध्ये सरकारने परीक्षाच रद्द केली. आज तिथे लोककलांचं संग्रहालय आहे. शहरातल्या कन्फ्यूशियसच्या चौदाव्या शतकातल्या देवळात १९२६ साली माओ त्सेतुंग शेतकरी चळवळीचे वर्ग घेत होते. लाल भिंती, अर्धचंद्राकृती तळं, त्यावर विद्वानांसाठीचा दगडी पूल, आणि आत क्रांतिकारकांच्या लाकडी खाटांच्या रांगा. कन्फ्यूशियसने आयुष्यभर सांगितलं, वडीलधाऱ्यांचं ऐका. त्याच्याच अंगणात तीनशेहून जास्त मुलं जमीनदारांचं का ऐकू नये हे शिकली.

हे सगळं पचवून आम्ही सानयुआनलीला गेलो. मित्राला तिथे जायचंच होतं, कारण पर्सचा घाऊक बाजार तिथे आहे. बाजाराजवळ एक छोटं देऊळ, तेच स्मारक, तेच संग्रहालय. तिन्ही चेहरे एकाच दारात लागणार होते. मी तयारीत शिरलो आणि तिन्ही कुचकामी ठरले.

पहिल्या अफूयुद्धात, मे १८४१ मध्ये, इंग्रज फौज शहरामागच्या टेकड्यांवर येऊन बसली होती. आसपासच्या गावांतले शेतकरी या देवळात जमले, देवळातला तीन ताऱ्यांचा काळा झेंडा उचलला आणि भाले-कोयते घेऊन फौजेवर चालून गेले. मुसळधार पाऊस आला, बंदुकांची दारू भिजली, आणि फौजेची एक तुकडी वाट चुकून घेरली गेली. ती तुकडी होती सदतिसाव्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची. सगळे हिंदी शिपाई. नव्या पद्धतीच्या, पावसात चालणाऱ्या बंदुका घेऊन इंग्रज आले तेव्हा कुठे ते सुटले.

मग युद्ध कशावरून झालं ती गोष्ट येते. कँटनला येणारी अफू. १८३९ मध्ये लिन झेश्यू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून जवळच्या हूमनला नष्ट केल्या. त्यात माळव्याची अफू होती, आणि माळव्याची अफू निघायची मुंबई बंदरातून. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी वारंवार कँटनच्या वाऱ्या करणारे. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात त्यांनी संपत्ती मिळवली आणि त्यातला मोठा हिस्सा मुंबईला दिला. ज्या जे. जे. रुग्णालयात आमच्या पिढ्या बऱ्या झाल्या, त्याची पायाभरणी कँटनचंही काही देणं लागते.

काचेपलीकडच्या गोष्टीत आपणच निघालो, तर चेहरा कुठला लावायचा? मित्रसुद्धा गप्प होता. तेवढ्यात थर्मास घेतलेले एक आजोबा जवळ आले, आमच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "यिंदू?" आम्ही चोरासारख्या माना डोलावल्या. आजोबांनी अंगठा उंचावला आणि मोठ्याने म्हणाले, "के दिहुआ!"

हे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. सोलापूरचे कोटणीस, नागपूरचे चोळकर आणि आणखी तिघे, असे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघून याच ग्वांगझूला उतरले. सन यत्-सेन यांच्या पत्नी सोंग छिंगलिंग त्यांच्या स्वागताला आल्या होत्या. महिनाभरात शहर जपान्यांच्या हाती पडलं. कोटणीस उत्तरेच्या युद्धभूमीवर गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांचं स्मारक तिकडे लांब शिजियाझुआंगला आहे, पण आजोबांना त्यासाठी कुठे जावं लागलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मित्राने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मुंबईहून अफू, ती नावे. मुंबईहून डॉक्टर, ते जमा. मद्रासचे शिपाई आपल्या खात्यात धरायचे का?" मी म्हटलं, तेव्हा कंपनी एकच होती, धर. त्याने धरले. हिशेब काही केल्या जुळेना.

तसाच तो बाजारात शिरला. बाईने एका पर्सचा भाव सांगितला. हा निम्म्यावरून सुरू होणार म्हणून मी घड्याळ बघून बाकावर बसलो, तर याने सांगितला तो भाव मुकाट्याने मोजला. बाईच घाबरली. तिने नोट उजेडात धरून दोनदा तपासली.

"हे काय रे?" मी विचारलं.

"थोडं वळतं केलं," तो गंभीरपणे म्हणाला, "अफूचं."

दहा पावलांवर दुसऱ्या दुकानात तीच पर्स टांगलेली होती. त्याने सहज भाव विचारला. बरोबर निम्मा. तो क्षणभर स्तब्ध झाला आणि मग त्याचा मूळचा, एकुलता एक चेहरा लख्ख परत आला.

"झालं!" तो म्हणाला. "खातं चुकतं."